स्टेंट बसल्यानंतर पोटाची सौंदर्यशस्त्रक्रिया : ‘फिटनेस आणा’ म्हणजे नेमके काय आणायचे?

गोदाकाठ

नमस्कार. माझे वय ५४ असून मी नाशिकला राहते. गेल्या जानेवारीत मला हृदयविकाराचा झटका आला, त्याच रात्री अँजिओप्लास्टी झाली आणि औषधाचा लेप असलेला एक स्टेंट बसवण्यात आला. त्याला आता आठ महिने होत आले. ॲस्पिरिन, टिकाग्रेलर, मेटोप्रोलॉल, रॅमिप्रिल आणि कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे. मागच्या महिन्यातल्या टूडी इकोमध्ये हृदयाचे पंपिंग ५० टक्के आले. रोज सकाळी पाऊण तास चालते आणि दम लागत नाही.

प्रश्न पोटाचा आहे. दोन सिझेरियन झाली, त्यानंतर वाढलेले वजन गेल्या तीन वर्षांत १९ किलोंनी उतरवले, आणि आता बेंबीखालची सैल कातडी वळी होऊन मांड्यांवर येते. ती काढून टाकण्याची आणि आतले फाकलेले स्नायू शिवून घेण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे टमी टक, करून घ्यावी असे मनात आहे. एका सौंदर्यशस्त्रक्रियेच्या क्लिनिकमध्ये चौकशी केली. सर्जन पाच मिनिटे भेटले. पुढचे सगळे तिथल्या समुपदेशक बाईंनी सांगितले. त्यांनी दिलेल्या छापील कागदावर ‘कार्डिॲक फिटनेस’ (म्हणजे हृदयाला शस्त्रक्रिया सोसेल असा डॉक्टरांचा दाखला आणा) असा एक चौकोन आहे, त्यात बरोबरची खूण करून शेजारी पेनने ‘रक्त पातळ करायच्या गोळ्या ५ दिवस बंद’ असे लिहिले आहे. घटस्थापनेपर्यंत आगाऊ रक्कम भरल्यास पॅकेजमध्ये सवलत आहे, आणि त्या घाईत मी दहा हजार रुपये भरूनही आले.

घरी येऊन कागद पुन्हा वाचला तेव्हा जाणवले की, फिटनेस कोणी, कशाच्या आधारावर आणि कशासाठी द्यायचा, हे मला कोणीच सांगितलेले नाही. इथे कोणाला हृदयाचा त्रास असताना अशी शस्त्रक्रिया करून घेण्याचा, किंवा न करण्याचा, अनुभव असल्यास कृपया सविस्तर लिहावे.

चौकस

ताई, राग मानू नका, परंतु जी शस्त्रक्रिया केली नाही तर काहीही बिघडत नाही, तिच्यासाठी आठ महिन्यांपूर्वीच मरणाच्या दारातून परतलेल्या माणसाने पुन्हा टेबलावर झोपावे, हे मला पटत नाही. चापूनचोपून साडी नेसली की पोट झाकले जाते. हौसेला वेळ असतो.

गोदाकाठ

चौकस, राग नाही. परंतु ‘काहीही बिघडत नाही’ हे खरे नाही. जून ते सप्टेंबर या काळात त्या वळीत घाम साठून कातडी लाल होते, सोलते, तिला वास येतो. आंघोळीनंतर जागा टिपून कोरडी करायची, क्लोट्रिमॅझोलची पावडर टाकायची आणि जुन्या सुती धोतराच्या तुकड्याची घडी त्या वळीत बसवायची, हे केल्याशिवाय मला घराबाहेर पडता येत नाही. दुपारी शाळेत ती घडी बदलावी लागते. गेल्या वर्षी दोनदा तिथे पू झाला आणि अँटिबायोटिक घ्यावे लागले. आणि दिसण्याचेही आहे. ते मी लपवत नाही. १९ किलो उतरवूनही आरशात तेच पोट दिसते.

भूलवाला

मी २२ वर्षे भूलतज्ज्ञ म्हणून काम करतो आणि त्यातला बराचसा काळ प्लास्टिक सर्जनांबरोबर गेला आहे. ताईंची कागदपत्रे मी पाहिलेली नाहीत. त्यामुळे पुढचे लिखाण त्यांना आपल्या डॉक्टरांशी नीट बोलता यावे एवढ्यासाठीच आहे.

पहिली गोष्ट म्हणजे त्या कागदावरचा ‘पाच दिवस’ हा आकडा चुकीचा नाही. टिकाग्रेलर शस्त्रक्रियेपूर्वी तीन ते पाच दिवस थांबवतात, क्लोपिडोग्रेल पाच ते सात दिवस, प्रासुग्रेल किमान सात दिवस. चूक आहे ती कॅलेंडरची. स्टेंट ही धातूची जाळी असते आणि रक्तवाहिनीचे आतले अस्तर हळूहळू तिच्यावर चढते. जाळीवरच्या लेपातले औषध पेशींची वाढ रोखणारे असते, म्हणजे वाहिनी पुन्हा अरुंद होऊ नये. परंतु त्याच कारणाने अस्तर चढायलाही उशीर लागतो. तोपर्यंत उघड्या धातूवर गुठळी धरू नये म्हणून ॲस्पिरिनच्या जोडीला दुसरी गोळी (आपल्या बाबतीत टिकाग्रेलर) दिलेली असते. दुसऱ्या बाजूने, कोणतीही मोठी शस्त्रक्रिया झाली की शरीर जखम भरण्यासाठी रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढवते, नाडी जलद होते, रक्तदाब वरखाली होतो. म्हणजे ज्या आठवड्यात धोका वाढतो, नेमके त्याच आठवड्यात आपण संरक्षण काढून घेत असतो. अशा वेळी स्टेंट बंद झाला तर त्याचा अर्थ दुसरा झटका, आणि तोही शस्त्रक्रियेची जखम ताजी असताना.

म्हणूनच टाळता येण्याजोग्या शस्त्रक्रियांसाठी अमेरिकेतल्या हृदयरोग संघटनांच्या २०१६ च्या आणि नंतर २०२४ च्या मार्गदर्शक सूचना काय सांगतात ते पाहा. स्थिर आजारात ठरवून स्टेंट बसवला असेल तर साधारण सहा महिने थांबावे. झटका आल्यामुळे बसवला असेल तर बारा महिने. आपल्याला झटका आला होता, त्यामुळे आपल्याला लागू होणारा आकडा बारा आहे. कर्करोगाची गाठ असती तर हा हिशोब वेगळ्या रीतीने मांडला असता, कारण तिथे थांबण्याचीही किंमत असते. पोटाची वळी चार महिने थांबू शकते.

‘मग गोळ्या चालू ठेवूनच करा’ असे कोणी सुचवील. टमी टकमध्ये ओटीपोटापासून बरगड्यांच्या कडेपर्यंत कातडी खालच्या थरापासून सुटी करून उचलली जाते. म्हणजे दोन तळहातांहूनही मोठा उघडा पृष्ठभाग, ज्यातून बारीक बारीक ठिकाणी रक्त झिरपू शकते. दोन्ही गोळ्या चालू असताना त्या कातडीखाली रक्त साठण्याचा धोका बराच वाढतो आणि साठले तर पुन्हा टाके उघडावे लागतात. एकट्या ॲस्पिरिनवर मात्र बहुतेक सर्जन काम करायला तयार होतात, आणि स्टेंटच्या रुग्णात ॲस्पिरिन सहसा बंद करूच नये.

आता फिटनेसविषयी. मोतीबिंदूसाठीही तीच चिठ्ठी येते आणि टमी टकसाठीही तीच. मोतीबिंदू वीसेक मिनिटांत, डोळ्यात थेंब टाकून होतो. टमी टकला पूर्ण भूल लागते, अडीच-तीन तास जातात, आणि स्नायू शिवून घट्ट केल्यावर पोटातला दाब वाढून पायांकडून हृदयाकडे येणारे रक्त मंदावते. सौंदर्यशस्त्रक्रियांपैकी पायांच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका ज्यांत अधिक मानला जातो, त्यांत हिचा क्रमांक वरचा आहे. हृदयरोगतज्ज्ञांना यातले काही न कळवता ‘फिट आहे का’ एवढेच विचारले, तर ते आजचा ईसीजी पाहून ‘फिट’ लिहितील आणि त्यात त्यांची चूक नसेल. म्हणून आधी सर्जनकडून एक पत्र घ्यावे : शस्त्रक्रियेचे नाव, लागणारा वेळ, भुलेचा प्रकार, अपेक्षित रक्तस्राव, आणि ती कुठे होणार. ते पत्र घेऊन हृदयरोगतज्ज्ञांकडे जावे आणि त्यांच्याकडून ‘फिट’ या शब्दाऐवजी प्रत्येक गोळीचे उत्तर घ्यावे : कोणती चालू, कोणती कधी थांबवायची, कधी पुन्हा सुरू करायची.

मेटोप्रोलॉल एका दिवसासाठीही आपल्या मनाने बंद करू नये; ते अचानक थांबले तर नाडी उसळते. मात्र जो रुग्ण हे औषध घेतच नाही त्याला शस्त्रक्रियेच्या दिवशी ‘हृदय शांत राहावे’ म्हणून नव्याने मोठा डोस देणे चुकीचे ठरले आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या, ८ हजारांहून अधिक रुग्णांवरच्या एका चाचणीत असे केल्याने झटके कमी झाले, परंतु पक्षाघात आणि मृत्यू वाढले. रॅमिप्रिल पुष्कळ भूलतज्ज्ञ आदल्या २४ तासांत देत नाहीत, कारण भुलेखाली रक्तदाब खाली बसतो. कोलेस्टेरॉलची गोळी चालूच राहते.

आपण पाऊण तास चालता हे उत्तम आहे, परंतु सपाटीवर की चढावर, ते लिहिलेले नाही. आम्ही साधा प्रश्न विचारतो : न थांबता दोन जिने चढता येतात का? ज्याला येतात त्याच्या हृदयाकडे भुलेचा ताण सोसण्याइतकी गंगाजळी बहुधा असते.

निशिगंध

भूलवाला, फार उपयुक्त माहिती. माझ्या यजमानांना (वय ४९, हृदयाची लय बिघडते म्हणून अमिओडॅरोन चालू) एका ठिकाणी असे सांगितले की, लायपोसक्शन पूर्ण भूल न देता, नुसते सुन्न करून करतात, त्यामुळे हृदयाला काहीच धोका नाही आणि संध्याकाळी घरी जाता येईल. हे खरे मानावे का?

भूलवाला

निशिगंधताई, अर्धे खरे आहे आणि उरलेले अर्धेच महत्त्वाचे आहे.

कॅलिफोर्नियातील त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी १९८७ साली ही पद्धत मांडली. भरपूर सलाइनमध्ये थोडे लिग्नोकेन (जागा सुन्न करणारे औषध) आणि अगदी थोडे ॲड्रेनॅलिन मिसळून ते चरबीच्या थरात, कातडी टणक होईपर्यंत भरायचे आणि मग चरबी ओढून घ्यायची. ॲड्रेनॅलिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात, रक्त कमी जाते. पूर्ण भुलेशिवाय काम होते आणि योग्य हातात ही पद्धत खरोखरच सुरक्षित आहे. एरवी ॲड्रेनॅलिनसह लिग्नोकेनची मर्यादा किलोमागे ७ मिलिग्रॅम धरतात. या पद्धतीत क्लाइन यांनी ती ३५ पर्यंत नेली, आणि पुढे ५५ पर्यंतही मान्य झाली. एवढे चालते, कारण चरबीतून औषध फार सावकाश रक्तात उतरते.

परंतु सावकाश म्हणजे किती, हे समजून घ्या. रक्तातील पातळी साधारण बारा तासांनी सर्वाधिक होते. सकाळी अकराला लायपो झाले, चारला चहा पिऊन घरी सोडले, तर लिग्नोकेनचा भर रात्री अकराच्या सुमारास येतो, आणि तेव्हा शेजारी मॉनिटर नसून आपण असता. ओठांभोवती मुंग्या, कानात आवाज, तोंडाला धातूची चव ही सुरुवातीची लक्षणे. त्यापुढे आकडी येते आणि हृदयाची लय बिघडते. लिग्नोकेन यकृतात मोडले जाते आणि अमिओडॅरोन नेमके ते मोडणे मंद करते. डिल्टियाझेम, व्हेरापॅमिल आणि क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिकही तेच करतात. प्रोप्रॅनोलॉल घेणाऱ्यांत तर यकृताकडे जाणारे रक्तही कमी होते, आणि शिवाय ॲड्रेनॅलिनची गाठ पडली की रक्तदाब एकदम चढून नाडी मंदावू शकते. यजमानांच्या बाबतीत लय बिघडण्याचा आजार आधीपासूनच असल्याने, लिग्नोकेनचा डोस किती ठरवला आहे, तो अमिओडॅरोन लक्षात घेऊन कमी केला आहे का, रात्रभर ठेवणार का, आणि विषबाधेवर वापरायचे २० टक्क्यांचे लिपिड इमल्शन थिएटरमध्ये आहे का, हे चार प्रश्न विचारा. शेवटच्या प्रश्नावर समोरचा गोंधळला तर तिथून उठावे.

केसरोपणातही हेच लिग्नोकेन आणि हेच ॲड्रेनॅलिन डोक्याच्या कातडीत भरतात, आणि ते सहा-आठ तास चालते. त्याला शस्त्रक्रिया मानायलाच पुष्कळ लोक तयार नसतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला २०२२ मध्ये सूचना काढून सांगावे लागले की, यूट्यूबवर पाहून किंवा एखाद्या कार्यशाळेला बसून केसरोपण शिकता येत नाही.

सह्यकडा

धागा पोटाचा आहे, परंतु मुद्दा जवळचा असल्याने लिहितो. माझ्या मावसभावाचे वय ४१. हृदयाचा स्नायू कमकुवत होऊन पंपिंग ३० टक्क्यांवर आलेले. वर्षभरात त्याची छाती स्त्रियांसारखी फुगली, दुखू लागली. टी-शर्ट घालेना, पोहायला जाईना. शेवटी कोणाला न सांगता गायनॅकोमास्टियाच्या शस्त्रक्रियेची तारीख घेऊन आला. फिटनेससाठी हृदयरोगतज्ज्ञांकडे गेला तेव्हा त्यांनी औषधांची यादी पाहून स्पायरोनोलॅक्टोनवर बोट ठेवले. हृदय कमकुवत असलेल्या रुग्णाचे आयुष्य वाढवणारी ती गोळी आहे, परंतु पुरुषांत छाती वाढवते. त्यांनी ती बदलून इप्लेरेनोन दिली. चार-पाच महिन्यांत दुखणे थांबले, फुगवटा पुष्कळ उतरला, आणि शस्त्रक्रिया राहूनच गेली. ज्या क्लिनिकमध्ये तारीख दिली होती तिथे कोणीही त्याला ‘कोणत्या गोळ्या घेता?’ असे विचारले नव्हते.

भूलवाला

सह्यकडा, अगदी नेमके उदाहरण. हृदय निकामी होणाऱ्या रुग्णांवर स्पायरोनोलॅक्टोनची जी मोठी चाचणी १९९९ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात सुमारे १० टक्के पुरुषांना छाती वाढण्याचा किंवा दुखण्याचा त्रास झाला होता. गोळी न मिळालेल्यांत तो १ टक्का होता. डिगॉक्सिननेही असे होते. गोळी आपल्या मनाने बंद मात्र करायची नाही.

अबोली

माझे उलटे झाले. दोन्ही डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांत, वरच्या पापणीवर, पिवळसर चपटे डाग आले होते. मुलीच्या लग्नाआधी ते काढून घ्यावेत म्हणून त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी लेझरला हात लावण्याआधी उपाशीपोटी रक्त तपासायला पाठवले. वाईट कोलेस्टेरॉल १९८ निघाले. त्या डागांना झँथेलाझ्मा म्हणतात आणि ते कोलेस्टेरॉलचेच साठे असतात, हे मला तेव्हा कळले. माझे वडील ५२ व्या वर्षी झटक्याने गेले होते; तेही मी सांगितले तेव्हाच डॉक्टरांच्या कागदावर आले. डाग लग्नात तसेच राहिले. फोटोत दिसतात.

भूलवाला

अबोलीताई, असे डाग असलेल्यांपैकी साधारण निम्म्यांचे कोलेस्टेरॉल तपासणीत सामान्य येते, आणि तेवढ्यावर लोक निर्धास्त होतात. परंतु कोपनहेगनमधल्या हजारो लोकांचा अनेक वर्षे माग ठेवून २०११ साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात कोलेस्टेरॉल बाजूला ठेवूनही हे डाग असणाऱ्यांना झटक्याचा धोका अधिक आढळला. तुमच्या त्वचारोगतज्ज्ञांना माझा नमस्कार सांगा.

फ्रीमाँटकर

मी कॅलिफोर्नियात राहतो. इथे याच प्रश्नावर एक कायदा झाला आहे. गायक कान्ये वेस्ट यांच्या आई, निवृत्त प्राध्यापक डोंडा वेस्ट, यांनी नोव्हेंबर २००७ मध्ये, वयाच्या ५८ व्या वर्षी, लॉस एंजेलिस भागात पोटाची, लायपोसक्शनची आणि स्तनांची शस्त्रक्रिया एकाच बैठकीत करून घेतली. त्या घरी परतल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. जानेवारी २००८ मधल्या शवचिकित्सेच्या अहवालात हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार आणि शस्त्रक्रियेनंतरचे अनेक घटक अशी दोन्ही कारणे एकत्र नोंदवली गेली. वैद्यकीय तपासणीचा दाखला आणल्याशिवाय शस्त्रक्रिया करणार नाही, असे त्याआधी एका दुसऱ्या सर्जनने त्यांना सांगितले होते, हेही नंतर बाहेर आले.

पुढे २००९ मध्ये गव्हर्नर श्वार्झेनेगर यांनी डोंडा वेस्ट यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्यावर सही केली. त्यानुसार इथे टाळता येण्याजोग्या सौंदर्यशस्त्रक्रियेपूर्वीच्या ३० दिवसांत शारीरिक तपासणी आणि लेखी मान्यता आवश्यक आहे. तरीही माझ्या मते भूलवाला जे म्हणतात तोच धोका इथेही उरतो, कारण मान्यतेचा कागद असला म्हणजे प्रश्न विचारले गेले असे होत नाही.

पागोळी

सासऱ्यांचे वय ७१, १९९९ पासून हृदयात धातूची मायट्रल झडप आणि त्यासाठी रोज ॲसिट्रॉम ही रक्त पातळ करणारी गोळी. वरच्या पापण्या इतक्या उतरल्या की वर्तमानपत्र वाचताना डाव्या हाताच्या बोटाने पापणी उचलून धरायचे आणि पान उलटायला बोट सोडायचे. एका ठिकाणी पापण्यांची शस्त्रक्रिया ‘अर्ध्या तासाची, दवाखान्यातल्या दवाखान्यात’ म्हणून ठरली आणि ॲसिट्रॉम आठवडाभर बंद ठेवा असे फोनवर सांगण्यात आले. सुदैवाने आमच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय ते क्रोसिनही घेत नाहीत. डॉक्टर फोनवरच ओरडले. धातूच्या मायट्रल झडपेवर आठवडाभर काही संरक्षण नसेल तर गुठळी होऊन झडप अडकू शकते किंवा ती गुठळी मेंदूकडे जाऊ शकते.

शेवटी मोठ्या रुग्णालयात दाखल होऊन, ॲसिट्रॉम तीन दिवस थांबवून, मधल्या काळात रक्त पातळ ठेवणारे हेपॅरिन देऊन, आयएनआर (रक्त किती पातळ आहे याची तपासणी) पाहून मगच पापण्या केल्या. पाच दिवस रुग्णालयात गेले आणि खर्च ठरल्याच्या तिप्पट झाला. आता दोन्ही हातांनी पेपर धरतात.

एक शंका मात्र राहिली. पापण्यांसारख्या वरवरच्या कामाला त्यांनी ईसीजीच्या तारा का लावल्या होत्या?

भूलवाला

कारण पापणीमागची चरबी किंवा स्नायू ओढला गेला की एका मज्जातंतूवाटे संदेश जाऊन हृदयाची गती एकदम मंदावते. कधी काही सेकंद थांबतेही. १९०८ साली आश्नर आणि दाग्निनी यांनी हे स्वतंत्रपणे नोंदवले. सर्जनने हात थांबवला की बहुधा गती परत येते, परंतु हात थांबवायला आधी कोणाला तरी कळले पाहिजे. त्यासाठी त्या तारा. शिवाय डोळ्यामागे रक्त साठले तर दृष्टी जाऊ शकते, त्यामुळे रक्त पातळ करणाऱ्या औषधांच्या बाबतीत पापण्यांचे काम ‘वरवरचे’ नाहीच.

चौकस

माझा मूळ सूर कडक होता, तो मागे घेतो. एक माहितीची भर. माझ्या वहिनीला पेसमेकर आहे आणि ब्युटी पार्लरमध्ये ‘स्किन टाइटनिंग’चे रेडिओफ्रीक्वेन्सी यंत्र चेहऱ्यावर फिरवून घेण्याची तिची तयारी चालू होती. यंत्राच्या माहितीपत्रकात पेसमेकर असणाऱ्यांनी वापरू नये असे स्पष्ट छापलेले होते. पार्लरवालीने ते कधी उघडलेलेच नव्हते.

दुसरे म्हणजे, आरोग्य विम्याच्या पॉलिसीत ‘एक्सक्लूजन ०८’ या क्रमांकाचे कलम पाहा. अपघात, भाजणे किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना, अथवा तातडीचा धोका दूर करण्यासाठी डॉक्टरांनी लेखी दिलेली गरज, एवढे सोडून सौंदर्यशस्त्रक्रियेचा खर्च मिळत नाही. गोदाकाठताईंच्या वळीतल्या जंतुसंसर्गाची नोंद त्वचारोगतज्ज्ञांकडून लेखी घेऊन ठेवावी; मंजूर होईलच असे नाही, पण कागद असावा.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल हृदयरोगतज्ज्ञांकडे जाऊन आले. भूलवाला यांनी सांगितल्याप्रमाणे सर्जनचे पत्र मागितले होते. क्लिनिकमधून ‘तशी पद्धत नाही’ असे उत्तर आले, म्हणून तो छापील कागदच नेला. डॉक्टरांनी तो वाचला, पालथा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहिले : ‘जानेवारीपर्यंत टिकाग्रेलर बंद करायचे नाही. त्यानंतर इको आणि टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून हृदयाची तपासणी) करून पुन्हा भेटा. ॲस्पिरिन आणि मेटोप्रोलॉल कोणत्याही कारणाने थांबवायचे नाही.’ मग मला म्हणाले, ‘फिटनेस माझ्याकडे मागताय, पण तारीख तर त्यांनीच देऊन टाकली आहे.’ दोन जिने चढता येतात का, हे त्यांनीही विचारले. आमच्या शाळेत माझा वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे. चढता येतात, मात्र वर गेल्यावर फळ्याशी दोन मिनिटे पाठमोरी उभी राहते. ते मी खरे खरे सांगितले आणि त्यांनी ते लिहून घेतले.

शस्त्रक्रिया आता फेब्रुवारीच्या आधी होणार नाही. अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयातले एक प्लास्टिक सर्जन सुचवले आहेत. महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर त्यांची नोंदणी आणि प्लास्टिक सर्जरीची एमसीएच पदवी मी स्वतः पाहिली. आगाऊ भरलेले दहा हजार परत मिळत नाहीत, ‘पुढच्या ऑफरमध्ये वळते करू’ असे म्हणतात. तोवर पावडर आणि धोतराचा तुकडा चालू राहील.

भूलवाला

ताई, योग्य झाले. पाठमोरी उभी राहता हे सांगितलेत ते फार चांगले केलेत. तीच माहिती लोक गाळतात. एक विचारायचे राहिले. पहिल्या पोस्टमध्ये आपण पाच औषधे लिहिली आहेत. वजन उतरवले म्हणता, तर साखरेचा काही त्रास आहे का? याशिवाय काहीही घेत असाल, लसणाच्या गोळ्या, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, केसांसाठी काही, तर तेही लिहा.

गोदाकाठ

साखर थोडी आहे. त्यासाठी डॅपाग्लिफ्लोझिन १० मिलिग्रॅम सकाळी एक घेते. ती हृदयाची नाही म्हणून लिहिली नव्हती. क्लिनिकमध्येही नाही सांगितली आणि, आता कबूल करते, काल डॉक्टरांनाही नाही. ती दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली आहे. माशाच्या तेलाची कॅप्सूल मुलीने आणून दिली आहे, ती आठवेल तेव्हा.

भूलवाला

ही गोळी हृदयाचीही आहे, आणि शस्त्रक्रियेच्या दृष्टीने आपल्या यादीतली दुर्लक्षून न चालणारी. ती लघवीवाटे साखर बाहेर टाकते. शस्त्रक्रियेआधी उपाशी राहिल्यावर आणि नंतर खाणे कमी झाल्यावर ती अंगात असेल, तर रक्तात आम्ल साठू शकते. उलट्या होतात, दम लागतो, आणि ग्लुकोमीटरवर साखर मात्र १६०-१८० अशी निरुपद्रवी दिसते. त्यामुळे कोणाला संशय येत नाही, आणि हृदयाच्या रुग्णाला दम लागला की सगळे आधी ईसीजीकडे धावतात. शस्त्रक्रियेआधी ही गोळी किमान तीन दिवस बंद ठेवतात. त्या काळात साखरेसाठी दुसरे काय द्यायचे ते आपले साखरेचे डॉक्टर ठरवतील, आणि खाणे पूर्ववत झाल्यावरच ती पुन्हा सुरू होते. कॅप्सूलविषयीही विचारून घ्या.

गोदाकाठ

त्या कागदाच्या पालथ्या बाजूला, डॉक्टरांच्या अक्षराखाली, आत्ताच लिहून ठेवले. उद्या त्यांना फोन करते.